टेबलटॉप खेळांवरचे ऑनलाइन वाद: नेमके काय बदलले?

पटावरचा_पाहुणा (धागाकर्ता)

जुन्या कागदांची आवराआवर करताना मला एका वादाची छापून ठेवलेली पाने सापडली. वाद २००३ सालचा आहे. त्या वर्षी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रे वठवण्याच्या (रोलप्लेइंग) खेळाची साडेतिसरी आवृत्ती आली होती आणि तिच्यात असा नियम होता की जमिनीवर पडलेले पात्र उठू लागले की शेजारच्या शत्रूला त्याच्यावर संधीचा वार करता येतो. या वारात शत्रूने त्याला पुन्हा पाडले तर चालेल का, असा प्रश्न कोणीतरी विचारला. चालत असेल, तर एकदा पडलेला योद्धा लढाई संपेपर्यंत उठणारच नाही. आम्ही सहा-सात जण अकरा दिवस त्यावर भांडलो. अखेर एकाने दाखवून दिले की संधीचा वार ज्या कृतीमुळे मिळतो, तिच्या आधी तो निकाली निघतो. म्हणजे वार होतो त्या क्षणी पात्र अजून पडलेलेच असते, आणि पडलेल्याला आणखी पाडता येत नाही. ज्याच्या विरुद्ध निकाल गेला त्याने 'पटले' असे लिहिले आणि वाद मिटला.

ही पाने सापडली त्याच आठवड्यात मी एका ठिकाणी याच खेळाच्या २०२४ च्या सुधारित नियमांतील लपण्याबद्दल प्रश्न विचारला होता. आडोशामागे लपण्याच्या चाचणीत पंधरा किंवा त्याहून जास्त आकडा आला की पात्राला 'अदृश्य' ही अवस्था मिळते. मग तेच पात्र आडोसा सोडून भर उजेडात पहारेकऱ्यासमोरून चालत गेले, तरी अदृश्यच राहते का? तिसऱ्या उत्तरात मला ऐकवण्यात आले की जो अजूनही हा खेळ काढणाऱ्या कंपनीची पुस्तके विकत घेतो, त्याला तक्रारीचा हक्क नाही. पाचव्या उत्तरात माझी जुनी मते उकरून काढली गेली. विसाव्या उत्तरापर्यंत लपण्याचा विषय कोणाच्या ध्यानातही उरला नव्हता.

माझे मत असे की पूर्वी आपण खेळावरून भांडत होतो आणि आता एकमेकांवरून भांडतो. आपला अनुभव काय आहे?

जुनाफासा

पाहुणे, तुम्ही छापून ठेवले ते चांगले वाद होते. वाईट वाद कोणी छापून ठेवत नाही, आणि आठवणीत नेमका हाच घोटाळा होतो.

मी यूजनेटच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या, काळापासून वाचतो आहे. तिथल्या रोलप्लेइंगच्या गटांत कोणती प्रणाली श्रेष्ठ यावरून इतके रणकंदन चाले की त्यासाठी 'अ‍ॅडव्होकसी' नावाचा निराळा गटच होता. व्यक्तिगत हल्ले तेव्हाही होत असत आणि ते फार बोचरे असत. मात्र त्याच गटातून १९९७ च्या सुमारास त्रिविध वर्गीकरण पुढे आले: खेळसंचालक (खेळ चालवणारा आणि निवाडा करणारा) निर्णय घेताना कथेच्या परिणामासाठी घेतो, आव्हान न्याय्य राहावे म्हणून घेतो, की त्या जगात प्रत्यक्षात जे घडले असते त्याला धरून घेतो? दोन खेळाडू वर्षानुवर्षे का भांडत आहेत, याचे उत्तर या प्रश्नाने अनेकांना पहिल्यांदा मिळाले. दोघांचे नियम तेच होते; दोघांना खेळाकडून हवे असलेले मात्र वेगळे होते.

त्याआधीचे सांगायचे तर ली गोल्ड यांनी १९७५ मध्ये 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' हे नियतकालिक सुरू केले. सदस्य आपापली पाने पाठवत, ती एकत्र बांधून सर्वांना जात, आणि प्रत्येक जण पुढच्या अंकात मागच्या अंकातील इतरांच्या लेखनावर टिप्पणी करत असे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ चे, म्हणजे खेळ जेमतेम वर्षाचा असताना त्यावरचा लेखी वाद सुरू झाला होता. फरक एवढाच की टोमणा मारला तर प्रत्युत्तरासाठी महिनाभर थांबावे लागे. एवढ्या काळात रागही निवतो आणि मुद्दाही घासूनपुसून लख्ख होतो.

मूकवाचक

त्या सहा-सात जणांत नवखे किती होते, हे त्या पानांवरून कळते का?

वीसकोनी

मला बदल २००८ मध्ये दिसतो. चौथी आवृत्ती आली तेव्हा वाद नियमांपासूनच सुरू झाला होता. प्रत्येक वर्गाच्या, म्हणजे पात्रप्रकाराच्या, शक्ती 'कधीही', 'चकमकीत एकदा' आणि 'दिवसातून एकदा' अशा एकाच साच्यात बसवल्या होत्या, आणि हे संगणकावरच्या खेळासारखे झाले, असा आक्षेप होता. सेनानायक हा वर्ग जादू न करता केवळ धीर देऊन सोबत्याचे गुण (मार खाल्ला की घटणारा पात्राचा आकडा) भरून काढत असे. त्यावर लोकांनी विचारले की ओरडून जखम भरते का? हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा खोल आहे. गुण म्हणजे रक्तमांस, की दमसास, नशीब आणि हिंमत यांची बेरीज? गॅरी गायगॅक्स यांनी १९७९ च्या संचालकाच्या पुस्तकात गुण म्हणजे केवळ शारीरिक इजा नव्हे, हे स्पष्ट लिहिले होते. तरी २००८ मध्ये तोच वाद जणू पहिल्यांदाच होत असल्यासारखा झाला.

पण २००९ मध्ये 'पाथफाइंडर' आले आणि चित्र पालटले. जुन्या नियमांचा वारसा सांगणारा वेगळा खेळ उभा राहिल्यावर प्रत्येकाला बाजू निवडावी लागली. 'हा नियम चुकीचा आहे' याची जागा 'तू कोणत्या बाजूचा' या प्रश्नाने घेतली. आवृत्तीयुद्ध हा शब्द तेव्हा फार चालला, आणि माझे दोन जुने मित्र त्यात कायमचे दुरावले. आजही मला त्याचे वाईट वाटते, कारण आमच्या टेबलावर आम्ही दोन्ही खेळ खेळू शकलो असतो.

मेंढी_द्या_वीट_घ्या

सगळी चर्चा एकाच खेळाभोवती फिरते आहे, म्हणून बोर्डगेमची बाजू मांडतो.

'बोर्डगेमगीक' २००० साली सुरू झाले. तिथे प्रत्येक खेळाला एक ते दहा असे गुण देता येतात आणि त्यावरून क्रमवारी लागते. 'पोर्टो रिको' कित्येक वर्षे पहिल्या क्रमांकावर होता. २००८ मध्ये 'अग्रिकोला'ने त्याला खाली ओढले. तेव्हा काही जणांनी प्रतिस्पर्धी खेळाला न खेळताच एक गुण दिला, तर काहींनी आपल्या आवडत्याला दहा दिले. संकेतस्थळ क्रमवारीसाठी साधी सरासरी घेत नाही, तर मध्यम गुणांची काल्पनिक मते मिसळते, जेणेकरून मूठभर उत्साही लोकांनी एखादा खेळ वर चढवू नये. या गणितावर जितके लिहिले गेले आहे तितके एखाद्या खेळाच्या डावपेचांवरही लिहिले गेले नसेल. मला हा वाद आवडत असे, कारण 'चांगला खेळ' या शब्दांचा अर्थ काय, हे त्यात प्रत्येकाला उघड करून सांगावे लागे.

त्याच 'पोर्टो रिको'वरचा दुसरा वाद मला अधिक महत्त्वाचा वाटतो. २००२ च्या मूळ खेळात जहाजातून येणारे 'वसाहतकार' म्हणजे गडद तपकिरी चकत्या असत आणि त्या मळ्यांवर ठेवायच्या असत. त्या चकत्या कोणाच्या प्रतीक आहेत, हे इतिहास माहीत असलेल्याला सांगावे लागत नाही. सुरुवातीला हा मुद्दा काढणाऱ्याला 'हा केवळ खेळ आहे' असे म्हणून गप्प बसवले जाई. हळूहळू ते आवाज वाढले. २०१९ मध्ये आफ्रिकेच्या वाटणीवरचा एक खेळ जीएमटी गेम्स या प्रकाशकाने टीकेनंतर पूर्वनोंदणीच्या यादीतून काढून घेतला. २०२२ मध्ये 'पोर्टो रिको १८९७' आला आणि त्यात वसाहतकारांऐवजी कामगार आले. पाहुणे म्हणतात तसे आपण खेळ सोडून दुसऱ्याच गोष्टीवर भांडू लागलो असे मला वाटत नाही. खेळात जे आधीपासून होते, ते आपल्याला उशिरा दिसले.

वीसकोनी

मेंढी, शेवटचे वाक्य मान्य. पण त्या २०१९ च्या प्रकरणात खेळ कोणीही खेळलेला नव्हता. प्रकाशित होण्याआधीच त्याचा निकाल लागला, हे मला खटकते.

मेंढी_द्या_वीट_घ्या

विषय कसा मांडला आहे हे प्रकाशकाच्या स्वतःच्या वर्णनातून दिसत होते आणि टीका त्या वर्णनावर होती. डाव खेळून पाहण्याची अट तेथे लागू होत नाही, असे मला वाटते.

रंगवलेली_सेना

मिनिएचरच्या, म्हणजे रंगवलेल्या छोट्या मूर्तींच्या सैन्यांनी खेळायच्या, खेळांत वादाची जात वेगळी असते, कारण हरवण्यासारखे खूप काही असते. 'वॉरहॅमर'चे जुने काल्पनिक जग १९८३ पासूनचे. २०१५ मध्ये ते जग कथेत नष्ट झाले आणि त्याच्या जागी 'एज ऑफ सिग्मार' आले. मुख्य नियम चार पानांचे होते आणि ते मोफत दिले होते. मात्र तुकड्यांची गुणकिंमतच (प्रत्येक तुकडीच्या ताकदीचा आकडा) नव्हती, त्यामुळे दोन सैन्ये तुल्यबळ आहेत की नाहीत हे ठरवण्याची रीत उरली नाही. जुन्या सैन्यांसाठी दिलेल्या काही नियमांत तर खेळाडूला मिशा असतील तर फायदा, असले प्रकार होते.

माझ्याकडे तेव्हा चौकोनी तळांवरचे, नऊ वर्षे रात्री जागून रंगवलेले सैन्य होते. त्या काळात मी जे लिहिले ते वाचले तर मी आज ओळखू येणार नाही. नव्या खेळाचे कौतुक करणाऱ्या प्रत्येकाला मी फितूर समजत होतो. आता कळते की मी दुःखात होतो, आणि ज्याला राग म्हणत होतो तो शोक होता. समोरचा माणूस नियमांच्या सुटसुटीतपणावर बोलत होता आणि मी माझ्या नऊ वर्षांवर. दोघांनाही ते कळत नव्हते.

२०१६ मध्ये 'जनरल्स हँडबुक' आले, गुणकिंमत परत आली, आणि वादाची धार पुष्कळ कमी झाली. २०२४ मध्ये 'द ओल्ड वर्ल्ड'च्या रूपाने जुने जगही परतले. ज्यांच्याशी भांडलो त्यांपैकी एकाला मी पत्र लिहून क्षमा मागितली. आता आम्ही चौकोनी तळांवर खेळतो.

पत्तेवाला

'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात हे आणखी स्पष्ट दिसते. खेळ १९९३ चा. १९९९ मध्ये सहाव्या आवृत्तीने 'इंटरप्ट' हा पत्त्यांचा प्रकारच काढून टाकला, आणि २००९ मध्ये लढाईतील इजा 'स्टॅक'वर (परिणाम निकाली निघण्याआधी थांबतात त्या रांगेत) ठेवणे बंद झाले. दोन्ही वेळा खेळ संपला, असे म्हणणारे शेकड्यांनी होते. ते वाद तापले, पण ते डावाविषयी होते आणि दोन-तीन स्पर्धा खेळल्यावर लोकांना नव्या नियमांची सवय झाली.

न मिटणारा वाद आहे तो राखीव यादीचा. १९९५ च्या 'क्रॉनिकल्स' संचात जुने पत्ते पुन्हा छापले गेले, संग्राहक चिडले, आणि १९९६ मध्ये कंपनीने काही पत्ते पुन्हा कधीही न छापण्याचे वचन दिले. तेव्हापासून एका बाजूला ज्यांना तो पत्ता खेळायचा आहे ते, आणि दुसऱ्या बाजूला ज्यांची बचत त्या पत्त्यात आहे ते. यांच्यात कोणता युक्तिवाद निर्णायक ठरणार?

सप्टेंबर २०२४ मध्ये याची फार वाईट परिणती पाहिली. 'कमांडर' या खेळप्रकाराची नियमसमिती खेळाडूंची, कंपनीपासून स्वतंत्र होती. तिने 'माना क्रिप्ट' आणि 'ज्वेल्ड लोटस' यांसह चार पत्त्यांवर बंदी घातली. महागड्या पत्त्यांची किंमत कोसळली आणि समितीच्या सदस्यांना धमक्या आल्या. आठवड्याभरात समितीने त्या खेळप्रकाराची सूत्रे कंपनीच्या हाती सोपवली. खेळाडूंनी खेळाडूंसाठी वर्षानुवर्षे जपलेली व्यवस्था खेळाडूंच्याच वागण्यामुळे संपली. बंदी योग्य होती की अयोग्य, यावर मी आजही दोन्ही बाजूंनी बोलू शकतो. धमक्यांना दुसरी बाजू नाही.

दुसरी_पिढी

येथे बहुतेक जण माझ्यापेक्षा बरीच वर्षे आधीपासून खेळत आहेत, तरी नम्रपणे वेगळे मत मांडते.

मी 'क्रिटिकल रोल' हा अभिनेत्यांच्या खेळाचा ऑनलाइन कार्यक्रम पाहून खेळायला लागले. पहिल्यांदा चर्चेत आले तेव्हा 'तुम्ही लोक अभिनेत्यांचा खेळ पाहून येता आणि आमच्या संचालकांकडून तेच मागता' असे मला सुनावले गेले. मी कोणाकडून काहीही मागितले नव्हते. तेव्हा 'एकमेकांवरून भांडणे' हे नव्या पिढीने आणले, असे कोणी म्हणू नये.

दुसरे म्हणजे, आजच्या वादातून काही निष्पन्न होत नाही, हेही खरे नाही. जानेवारी २०२३ आठवा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे नियम इतरांना वापरू देणाऱ्या, कंपनीच्या २००० सालच्या खुल्या परवान्यावर इतरांचे असंख्य खेळ उभे होते. तो मोडीत काढणाऱ्या नव्या परवान्याचा मसुदा फुटला. त्यात वर्षाला ७,५०,००० डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्यांकडून त्यावरच्या रकमेवर स्वामित्वधन घेण्याची तरतूद होती. एरवी आवृत्त्यांवरून एकमेकांचे तोंड न पाहणारे लोक तेव्हा एकत्र आले. कोणी कायद्याची भाषा उलगडून सांगितली, कोणी जुन्या परवान्यावेळची कंपनीची आश्वासने शोधून काढली. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली: जुना परवाना तसाच राहिला आणि पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या सर्वांना वापराची मुभा देणाऱ्या परवान्याखाली खुले झाले. हा वाद खेळाविषयी होता की नव्हता?

आणि चांगले वाद आजही होतात. ते डिस्कॉर्डवरच्या आठ-दहा जणांच्या खोल्यांत होतात, म्हणून तुम्हाला दिसत नाहीत.

जुनाफासा

दुसरी_पिढी, तुमचा पहिला मुद्दा मला लागला, आणि तो खरा आहे.

शेवटच्या मुद्द्यावर मात्र माझी काळजी सांगतो. बंद खोलीतला वाद पुढच्या माणसाला सापडत नाही. 'द फोर्ज' हे खेळ रचणाऱ्यांचे चर्चास्थळ २०१२ मध्ये बंद झाले, पण तिथले लेखन पुढेही वाचता येत राहिले. खेळसंकल्पना मांडणाऱ्याला तिथे विचारत, 'तुमच्या टेबलावर प्रत्यक्ष काय झाले ते लिहा.' तिथले एक संस्थापक रॉन एडवर्ड्स यांच्या खेळांच्या वर्गीकरणाशी मी कधीच पूर्ण सहमत नव्हतो, पण या एका प्रश्नाने किती पोकळ वाद जागच्या जागी थांबले! नंतर तशीच बरीच मंडळी गूगल प्लसवर गेली; २०१९ मध्ये ते बंद झाले आणि कित्येक वर्षांची चर्चा विखुरली. गुण म्हणजे रक्तमांस की हिंमत, हा प्रश्न दर दहा वर्षांनी मुळापासून सुरू होतो, यात नवल नाही.

नियमावली

मला आणखी एक कारण दिसते, ज्याचा उल्लेख अजून झालेला नाही. पाहुण्यांचा अकरा दिवसांचा वाद शक्य झाला, कारण निर्णय देणारा कोणी खोलीत नव्हता. 'ड्रॅगन' मासिकात शंकानिरसनाचे सदर होते, पण उत्तर येईपर्यंत थांबावे लागे. दरम्यान पुस्तक उघडून, शब्दाला शब्द लावून स्वतःच अर्थ काढावा लागे.

पाचव्या आवृत्तीच्या काळात नियमांचे रचनाकार जेरेमी क्रॉफर्ड ट्विटरवर थेट उत्तरे देऊ लागले. सोय मोठी होती. परंतु वादात पुस्तकाचे वाक्य उद्धृत करण्याऐवजी ट्वीट चिकटवले जाऊ लागले, आणि एखादे उत्तर पुस्तकाशी विसंगत वाटले की वाद नियमावरून त्या माणसाच्या अधिकारावर घसरू लागला. पुढे कंपनीलाच सांगावे लागले की अधिकृत निर्णय फक्त तिने प्रकाशित केलेल्या उत्तरांच्या संकलनात असतील. तोवर सवय लागून गेली होती. मजकुरातून अर्थ लावण्याचे कसब वापरले नाही तर जाते.

शिवाय वाद वाचणारा बदलला. जुन्या वादात तुम्ही त्या माणसासाठी लिहीत होता जो उद्या उत्तर देणार होता. आज अनेक जण, दुरून पाहून पसंती देऊन पुढे जाणाऱ्यांसाठी लिहितात. अशा वेळी 'पटले' लिहिणे म्हणजे सर्वांसमक्ष हरणे. पाहुण्यांच्या छापील पानांवरचा तो एक शब्द मला म्हणूनच सर्वांत मोलाचा वाटतो.

मूकवाचक

माझ्या प्रश्नाला उत्तर आले नाही, म्हणून मीच सांगते. २००४ मध्ये मी अशाच एका ठिकाणी पहिला प्रश्न विचारला होता: संचालकाने फासे पडद्याआड टाकावेत की सर्वांसमोर? मला सांगण्यात आले की यावर आधीच चर्चा झाली आहे, शोधायला शिका. एकाने माझ्या वाक्यातील चुका दुरुस्त करून दाखवल्या. दोघांनी मी मुलगी असल्याचे सोंग करते आहे असे लिहिले. नंतर नऊ वर्षे मी फक्त वाचत राहिले, आणि सदस्यनाव तेथूनच आले.

तुमच्या अकरा दिवसांच्या वादासारखे अनेक वाद मी त्या काळात वाचले. त्यांतून मी उत्तम संचालक झाले, हे कृतज्ञतेने सांगते. पण ते इतके नीट चालत, याचे एक कारण असे होते की माझ्यासारख्यांना त्यात जागा नव्हती. आजचा गोंगाट मला त्रासदायक वाटतो. तरीही त्यात मी बोलू शकते.

पटावरचा_पाहुणा

मूकवाचक, मी पुन्हा ती पाने पाहिली. पाचव्या दिवशी एका नव्या सदस्याने विचारले होते की संधीचा वार म्हणजे काय. त्याला कोणी उत्तर दिले नाही. मीही दिले नाही, आणि तो परत आला नाही. इतक्या वेळा वाचूनही ती ओळ माझ्या नजरेत भरली नव्हती.

माझे मूळ विधान मी मागे घेतो. नियमावलींनी सांगितलेले कारण मला अधिक बरोबर वाटते.

वीसकोनी

पाहुणे, लपण्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला. लपलेपण कशाने संपते, हे नियमात सांगितले आहे: कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला, हल्ल्याचा फासा टाकला, उच्चार लागणारा मंत्र म्हटला, किंवा शत्रूने तुम्हाला शोधले तर. माझ्या मते उजेडात पहारेकऱ्याच्या डोळ्यांसमोर उभे राहणे म्हणजेच शत्रूने शोधणे. आमच्या टेबलावर पात्राला त्याच पाळीत आडोशातून निघून वार करू देतो. पाळीच्या अखेरीस ते उघड्यावर असेल तर ते सापडले असे धरतो.

नियमावली

मला हे मान्य नाही. त्याच परिच्छेदात म्हटले आहे की तुमच्या चाचणीचा आकडा हा शत्रूला तुम्हाला निरीक्षणाच्या चाचणीने शोधण्यासाठी लागणारा आकडा आहे. 'शोधणे' हा शब्द तेथे चाचणीशी बांधलेला आहे. तुम्ही चाचणीच वगळता.

दुसरी_पिढी

आणि पहारेकरी दुसरीकडे पाहत असेल तर? आमच्या गेल्या खेळात असेच झाले होते. आज रात्री सविस्तर लिहिते.